पौषातली पेंड

आक्का, काल तुमचा महिना घातला. पाचजणी जेवल्या. भात जरा कडक राहिला. त्या गेल्यावर मी पत्रावळी गोळा केल्या आणि सवयीनं तुमच्यासाठी एक भाकरी दुरडीत झाकून ठेवली. लक्षात आल्यावर ती गाईला घातली. रडू आलं नाही. महिनाभर आलेलंच नाही. आळीतल्या बायका म्हणतात, मास्तरीण लय घट्ट मनाची हाय. तसं नाही. थंडीत बोटं बधिर झाली की सुई टोचलेली कळत नाही, तसं काहीतरी झालंय.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमची पत्रं मीच लिहायची, आलेली मीच वाचून दाखवायची. त्यामुळे आत्ताही वाटतंय की हे लिहून झालं की ओसरीवर बसून तुम्हाला वाचून दाखवायचंय, आणि तुम्ही मध्येच म्हणणार, "हे कशाला लिवलंस? खोड." खोडणार नाही, आक्का. या वेळी सगळं ऐकून घ्यायचं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा घरात आपण दोघीच होतो. तुमचा धाकटा भाऊ, माझे मालक, फौजेत. वर्षातून एकदा सुट्टीवर. तुम्ही नवरा गेल्यावर पलूसकडचं सासर सोडून माहेरी आलेल्या, आणि मी कवठे महांकाळहून आलेली, इथल्या शाळेत तिसरीच्या वर्गावर. लोक म्हणाले, नणंद-भावजय एका घरात, महिनाभरात चूल वेगळी होणार. नाही झाली. भांडलो पुष्कळ. मिठावरून, सांडलेल्या पाण्यावरून, मी शेतात चपला घालून जाते यावरून. पण सकाळी शाळेला निघताना माझा डबा उंबऱ्यावर असायचा, आदल्या दिवशी कितीही भांडण झालेलं असो.

दुष्काळात आपल्या माळावर खडी फोडायचं काम निघालं तेव्हा तुम्ही दोन उन्हाळे तिथं बसलात. पदर तोंडाला बांधून जायचात, आणि परत यायचात तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. खोकला तेव्हापासूनचा. दुष्काळ सरला, काम बंद पडलं आणि मागं खाण तेवढी राहिली. पुढच्या पावसात ती भरली. एका अंगाला दगडाचे टप्पे, पायऱ्यांसारखे, आणि दुसऱ्या अंगाला दोन पुरुष खोल. गाव पोरांना तिकडं फिरकू देत नव्हतं. तुम्ही मात्र रोज जाऊन काठाला बसायचात.

"नुसतं पाणी काय बघायचं, आक्का?" मी एकदा विचारलं.

"नुसतंच हाय म्हणून बघती," तुम्ही म्हणालात. "नदीच्या पाण्यात कायतरी हालत आसतं गं. ह्यात कायच हालत न्हाई."

गेल्या श्रावणात तुम्ही मला शाळेच्या सुट्टीत पलूसकडं घेऊन गेलात ते त्यासाठीच. सासरी टेकलात तासभर. बाकीचा सगळा वेळ नदीकाठच्या ताईबाईंकडं, त्या मासे धरणाऱ्या भोयांच्या बाईंकडं. तुम्ही दोघी एका वाटीतला चहा बशीत ओतून प्यायलात आणि मला पहिल्यांदाच कळलं की तुम्हाला मैत्रीणसुद्धा आहे. येताना तुमच्या मांडीवर पितळी घागर होती. आत कटला माशाची चाळीसेक पिल्लं, बोटाएवढी. विट्याला गाडी बदलली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "मावशी, घागरीत काय हाय?"

"पानी."

"पानी? आन् कुठं न्येताय?"

"माणदेशात. तितं न्हाई म्हणून."

अख्खी गाडी हसली. तेवढ्यात एक पिल्लू उसळून कंडक्टरच्या चामडी पिशवीवर पडलं. तुम्ही ते इतक्या अलगद उचललंत की तो माणूस हसायचा थांबला. वाटभर तुम्ही हातानं पाणी ढवळत होतात, वर उचलून परत ओतत होतात. पाण्यात वारा गेला पाहिजे म्हणालात. सहा पिल्लं वाटेत गेली. बाकीची आपण खाणीवर नेली, तर लगेच सोडू दिली नाहीत. घागर तशीच पाण्यात अर्धी बुडवून बराच वेळ धरून बसलात.

"येकदम सोडलं तर धसका घेत्यात. आदी पान्याला पानी वळखू दे."

मी इतकी वर्षं पोरांना शिकवते. नवं पोर वर्गात आलं की मी त्याला थेट पहिल्या बाकावर बसवायची. त्या दिवसापासून बसवत नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत मासे वीतभर झाले. तुम्ही हाक मारली की यायचे. हाक कसली, काठावरच्या दगडावर तुम्ही बांगडी वाजवायचात. कोंड्याचा गोळा पाण्यात पडायच्या आधी तोंडं वर. गावातली माणसं बघायला यायची. मोठे झाले की काय करणार, असं कुणी विचारलं की तुम्ही सरळ सांगायचात, "खानार. माझा बाळू सुट्टीवर आला की पयला त्येला."

मग थंडी पडली. आपल्या माळावरची थंडी म्हणजे अडवायला झाड नाही, डोंगर नाही. मार्गशीर्षात सकाळी खाणीच्या पाण्यातून वाफ निघायची आणि काठच्या गवतावर पाय ठेवला की तळवा दुखायचा. मासे दिसेनासे झाले. तुम्ही बांगडी वाजवणंही बंद केलंत आणि कोंडा टाकणंही. त्याऐवजी जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पाण्यावरचा पाला तेवढा काढत बसायचात. माशांना आडोशाला म्हणून फुटके माठ दोरीनं खोल भागात सोडलेत. आणि शाळा सुटल्यावर माझ्याच वर्गातली पोरं पाण्यात दगड मारायला लागली तेव्हा त्यांच्या अंगावर अशा धावून गेलात की दुसऱ्या दिवशी एकानं मला विचारलं, "बाई, तुमच्या आक्का चावत्यात काय?"

आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं.

"आवं आक्का, उपाशी मरतील की ती."

"न्हाई मरत."

"महिना झाला, तोंडात काही नाही."

"सुमन, मासा काय आपल्यावानी गरम नसतो," तुम्ही समजावलंत. "पानी गार तर त्यो गार. पोटातलं सगळं गप पडतं. खाल्लं तरी जिरत न्हाई. त्यो तळाला जाऊन बसतो. हालत न्हाई, पळत न्हाई. पावसाळ्यात खाल्लेलं अंगावर आसतं, त्येच थोडं थोडं पुरवतो. दगूड मारून पळवलं तर मरंल. दमला की थंडीत परत उभा ऱ्हात न्हाई."

"आणि तळाला गारठा नसतो?"

"पौषात आडाचं पानी सकाळी कोमट लागतंय का न्हाई? वरचं गार हुतं, खोलातलं यवढं न्हाई. ताईबाईची सासू सांगायची."

मी मास्तरीण. मला ताईबाईंच्या सासूचा दाखला पटेना. तेवढ्यात तुमच्या भावाचं पत्र आलं. त्यांच्या पलटणीजवळ एक तळं होतं. ते वरून गोठून दगड झालं होतं, माणसं त्यावरून चालत होती, आणि बर्फाला भोक पाडलं तर खाली मासे जिवंत. मी ते वाचून दाखवलं आणि वर पुस्तकातलं सांगितलं, की पाणी गोठायच्या जरा आधी सर्वात जड असतं, म्हणून ते तळाला जातं आणि बर्फ वर राहतो, झाकणासारखा. तुम्ही ऐकून घेतलंत.

"म्हंजे पुस्तकात आता आलं व्हय?" एवढंच म्हणालात.

मी चिडले, हे कबूल करते. आणि तरीही मला पटलं नव्हतं. पुस्तकात मासे गारठून मरत नाहीत असं होतं. उपाशी राहून जगतात असं कुठं होतं?

पौष लागला आणि ताईबाई आजारी असल्याचा निरोप आला. तुम्ही चार दिवसांसाठी पलूसला गेलात. जाताना सांगितलंत, "खाणीत काय टाकू नगंस." मी हो म्हणाले.

पहिल्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत मी काठावर गेले. ऊन चांगलं पडलं होतं. एक मासा वर आलेला दिसला. पाठ काळपट, अंग वाळलेलं, जागच्या जागी पंख हलवत उभा. मला तो हडकलेल्या वासरासारखा दिसला. दुष्काळात मी तशी वासरं पाहिली होती, तुम्हीही पाहिली होती. मी घरी जाऊन गाईची शेंगपेंड भिजवली, कोंड्यात मळली आणि टोपलीभर खाणीत टाकली. मासा खाली गेला. पेंड त्याच्या मागून खाली गेली. मला वाटलं, तळाशी खात असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जाताना पुन्हा टाकली. तिसऱ्या दिवशीही. तुम्ही याल तेव्हा मासे टवटवीत दिसतील आणि मी म्हणेन, बघा. मला जिंकायचं होतं, आक्का. नुसती दया असती तर तीही एक गोष्ट झाली असती.

चौथ्या दिवशी आभाळ आलं. वाऱ्याची झुळूक नाही. खाणीच्या पाण्यावर पांढरट साय धरली होती आणि वास येत होता. तीन मासे पोट वर करून पडले होते. मी ते काढले, माळावर पुरले आणि वर दगड ठेवला. हात दोनदा धुतले.

तुम्ही दुपारी आलात. घरी पिशवी ठेवलीत आणि पाणीही न पिता खाणीवर गेलात. मी मागून आले.

"कुनी काय टाकलं ह्यात?"

"मला काय ठाऊक," मी म्हणाले.

एवढंच बोलले मी. तीन शब्द. वर्गात पोर खोटं बोललं की मला त्याच्या तोंडाकडं बघून कळतं. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलं नाहीत. पाण्याकडं बघत म्हणालात, "सडतंय. सडलं की पान्यातला वारा खातंय. समदी जातील." आणि लुगडं खोचून पाटी घेऊन पाण्यात उतरलात.

दगडाच्या टप्प्यांवर पेंडीचा थर बसला होता. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून, वाकून, तो खरवडून पाटीत भरायचात आणि पाटी मला वर द्यायचात. मी ती लांब नेऊन ओतायची. माझ्या हातानं टाकलेली पेंड माझ्याच हातात परत येत होती आणि मी बोलत नव्हते. तुमचे ओठ काळेनिळे पडले. मी म्हणाले, "बास करा आता, आक्का." तुम्ही म्हणालात, "घागर आन." मग आपण दोघींनी आडाचं पाणी शेंदून आणून खाणीत ओतलं, दिवस मावळेपर्यंत. "उंचावरनं वत," तुम्ही सांगत होतात, "वारा जाऊ दे पान्यात." दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मी घरी आले तर तुम्ही पुन्हा पाण्यात. मी काठावर तुमचं सुकं लुगडं धरून उभी राहिले. तेव्हाही सांगता आलं असतं. तुम्ही दहा हातांवर होतात.

तिसऱ्या दिवशी ताप भरला. दहिवडीहून डॉक्टर आणले. त्यांनी छाती तपासली, मला बाहेर बोलावून विचारलं, "यांनी कुठं दगडाचं काम केलंय का?" मी सांगितलं. ते म्हणाले, छातीत धूळ बसलीय, आतून पोखरलंय, हे आजचं नाही. मी विचारलं, पाण्यात उतरल्यामुळं झालं का? ते म्हणाले, तसं म्हणता येणार नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ते जरा चिडून म्हणाले, "बाई, तसंही म्हणता येणार नाही आणि तसं नाही असंही म्हणता येणार नाही." एवढ्या महिन्यात मी ते वाक्य किती वेळा मनात म्हटलंय, सांगता येत नाही. त्याला धरायला कुठूनच कड नाही.

आठ दिवस तुम्ही अंथरुणावर होतात. मी शाळेत जायची, दुपारी धावत यायची, पुन्हा जायची. तुम्ही रोज विचारायचात, "वर आला का येखादा?" मी खाणीवर जाऊन बघून यायची आणि म्हणायची, नाही. "आसूं दे. खाली आसतील." एकदा मी तुमचे पाय शेकत होते. म्हणाले, "आक्का, एक सांगायचं होतं." तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याकडं नीट बघितलंत. बराच वेळ. मी म्हणाले, "चुलीवर दूध आहे, आणू का?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. "आन," म्हणालात.

तुम्ही गेलात तेव्हा मी वर्गात पाढे म्हणून घेत होते. शेजारच्या हौसाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पोरांना म्हणाले, तेराचा पूर्ण करा. त्यांनी पूर्ण केला. मग मी निघाले.

तार पोहोचून तुमचा भाऊ यायला दहावा उलटून गेला. ओसरीवर ट्रंक ठेवली आणि तुमच्या रिकाम्या जागेकडं बघत उभे राहिले. मी पाणी दिलं. चहा दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कशी गेली?" आणि मी सगळं सांगितलं. आधीपासून शेवटपर्यंत, पेंड, टोपली, ते तीन शब्द, सुकं लुगडं. मला वाटलं होतं ते उठून जातील. ते ऐकत राहिले. मग ट्रंक उघडून त्यांनी एक पत्र काढलं.

अक्षर माझं नव्हतं. आपल्या टपालवाल्या अण्णांचं होतं. मी शाळेत असताना तुम्ही अण्णांना अंथरुणाशी बसवून लिहून घेतलं होतंत. आजवरची तुमची सगळी पत्रं मी लिहिली, हे एक सोडून.

अण्णांनी तुमचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. "बाळू, सुमननं खाणीत पेंड टाकली. मी आले तवा तिच्या हाताला वास येत हुता. मायेनंच टाकली, इरीशीनं बी टाकली. तिला तू काय इचारू नगंस. तिला सांगायचं आसंल तवा ती सांगंल. मी वाट बघती हाय. औषीद चालू हाय, काळजी करू नगंस."

ईर्षेनं टाकली, हेही तुम्हाला कळलं होतं.

मी ते पत्र वाचलं आणि घडी घालून परत दिलं. ते म्हणाले, "ठिव तुझ्याजवळ." मी म्हणाले, नको, तुम्हाला लिहिलंय. काय वाटलं ते आजही धड सांगता येत नाही. हलकं वाटायला हवं होतं. उलट मला तुमचा राग आला. सगळं माहीत असून तुम्ही थंड पाण्यात उतरलात आणि पाटी माझ्या हातात देत राहिलात. आठ दिवस वाट बघितलीत. एक शब्द तुम्ही काढला असतात तर मी तिथंच कोसळून पाय धरले असते. मग वाटतं, म्हणूनच काढला नसेल. पाय धरून घ्यायची तुम्हाला हौस नव्हती. मी आपणहून बोलावं, एवढीच इच्छा असेल. आणि मी दुधाचं विचारलं.

हे भांडण आपलं राहिलंच. तुमची बाजू अण्णांनी लिहून ठेवलीय. माझी ही.

ते सुट्टी संपवून परत गेले. जाताना खाणीवर जाऊन आले. मी रोज जाते. पाला काढते. पोरांना दगड मारू देत नाही. त्यांना वर्गात सांगितलंय, खाली कोण बसलंय ते, आणि कसं. एका पोरीनं विचारलं, "बाई, त्यास्नी कसं कळतं थंडी संपली ते?" आक्का सांगतील, असं तोंडावर आलं होतं.

या आठवड्यात माघ संपत आला तसं ऊन तापायला लागलं. आडाचं पाणी सकाळी आता कोमट लागत नाही. आज दुपारी गेले तर टप्प्याच्या दगडावर, उथळ पाण्यात, मासे होते. आधी दोन दिसले, मग पाच, मग मोजता येईनात. हडकलेले, पाठी काळ्या, पण सरळ पोहत होते. मी गुडघ्यांवर बसले. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. फक्त उठून जावंसं वाटेना.

त्यांना आता भूक असेल का, आक्का? थंडीत का टाकायचं नाही हे तुम्ही मला शिकवलंत. परत कधी सुरू करायचं, हे राहून गेलं. विचारायला पलूसला ताईबाई आहेत अजून, बऱ्या झाल्यात म्हणे. रविवारी जाईन. तुम्ही गेल्याचंही त्यांना मीच सांगायचंय.

तोवर आज चिमूटभर कोंडा टाकला. चिमूटभरच. तो पाण्यावर पसरला आणि तसाच राहिला. मी वाट बघत बसले. शाळेची घंटा झाली तरी उठले नाही. मग एक मासा आला, एक कण घेतला आणि पुन्हा खाली गेला. बाकीचा कोंडा मी तुमच्या लुगड्याच्या तुकड्यानं गोळा करून काढून घेतला, आणि ओल्या हातानंच वर्गावर गेले.